तपासणीची तार

बंद डब्याचा रंगनाथला मनापासून राग होता. नगरच्या औद्योगिक वसाहतीत सूर्यभानशेठचा एक पत्र्याच्या शेडातला कारखाना होता, तिथे तो सर्किटं आखायचा. कारखान्याचा माल एकच, विहिरीवरच्या मोटरचा राखणदार डबा. विजेच्या तीन फेजपैकी एक गेला तरी मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती कण्हत कण्हत फिरते, तापते आणि आतलं वाइंडिंग जाळून घेते. शेतकरी तिकडे बागेत पाण्याची दारं धरण्यात गुंतलेला, त्याला कळतं ते धूर निघाल्यावर. हा डबा स्टार्टरशेजारी भिंतीला लावला की फेज गेल्याबरोबर तो मोटर बंद पाडायचा.

सूर्यभानशेठ आतल्या सर्किटवर गरम डांबर ओतायचे, शेजारच्या शेडवाल्याने नक्कल करू नये म्हणून. नक्कल कुणी केली नाही, पण परत आलेला एकही डबा कुणाला तपासताही आला नाही. छिन्नीने डांबर फोडावं तर त्याबरोबर ट्रान्झिस्टरही फुटायचा. मग मूळचा दोष कुठला आणि छिन्नीचा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"शेठ, वैद्याला नाडी बघायला निदान मनगट तरी लागतं," रंगनाथ एकदा तडकून म्हणाला. "तुम्ही पेशंटला गोणीत शिवून पाठवताय."

बरीच कुरकुर करून शेठनी डांबर सोडलं. रंगनाथने सगळं सर्किट नव्याने आखलं. पहिला भाग फेजवर नजर ठेवणारा, दुसरा निर्णय घेणारा, तिसरा मोटर तोडणारा. प्रत्येक भागातून एकेक पितळी पिन त्याने डब्याच्या तोंडावर आणली आणि शेजारी एक सगळ्यांची सामाईक. मीटरच्या वायरी पिनांना लावल्या की दोष कुठल्या भागात आहे ते जागच्या जागी कळावं. आणखी एक सोय त्याने करून ठेवली. निर्णयाची पिन आणि सामाईक पिन तारेच्या तुकड्याने जोडली की डब्याचा हुकूम मोटरपर्यंत पोचत नसे. मोटर चालू ठेवून डबा तपासता यावा, एवढ्यासाठी ही सोय होती. तपासणी झाली की तार काढायची. ही गोष्ट त्याला इतकी उघड वाटली की डब्यावर दोन शब्द छापून घ्यावेत असंही त्याच्या डोक्यात आलं नाही. शहाण्या माणसाला सगळं जग आपल्याइतकंच शहाणं वाटतं, आणि आपण स्वतः तर त्याहून.

नव्या आखणीच्या पहिल्या डब्यांपैकी एक त्याने काष्टीला आपल्या थोरल्या बहिणीकडे बसवला. आई गेल्यावर चांगुणाआक्कानेच त्याला लहानाचा मोठा केला होता. तिचे मालक आसारामदाजी यांनी लिंबाची बाग लावली होती, ती नुकती फळ धरायला लागली होती, आणि नेमका बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरीत पाझर साठेल तेवढंच पाणी. ते साठावं, तेवढ्यात वीज असावी आणि मोटर चालावी, असा तिहेरी योग जुळला तरच झाडांना घोटभर पाणी मिळायचं. त्यात वीजही रोगट झालेली. एक फेज सारखा लटपटायचा आणि डबा मोटर बंद करायचा. पोळा झाला तसा आक्काचा निरोप आला, "तुजा डबा मोटर चालू देईना. येऊन जा."

रंगनाथ दौंड गाडीने काष्टीला उतरला आणि थेट विहिरीवर गेला. दाजींचा सालगडी भीमा मोटर बघायचा. तो शेजारी उभा राहून सगळं न्याहाळत होता. रंगनाथने दोन पिना तारेने जोडल्या, मोटर चालू केली, मीटर लावला. डब्यात काडीचा दोष नव्हता. दोष लाइनीत होता आणि डबा इमानाने आपलं काम करत होता. हे तो आता सांगणारच होता.

पण मोटर चालू होती ना. पाणी पाटाला लागलं, पहिल्या ओळीतली आळी भरायला लागली. आक्का पदर खोचून धावत आली आणि बांधापलीकडच्या शेजारणीला तिने हाक दिली, "अगं, रंगनाथनं दुरुस्त केला बघ!" दाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पावणं, शिक्षन वाया न्हाई गेलं म्हनायचं!" भीमा पाण्याकडे बघून नुसता हसत होता.

रंगनाथने मीटरच्या वायरी काढून गुंडाळल्या. तार काढावी तर मोटर पुन्हा पडणार, पाणी थांबणार आणि आक्कासमोर आपण काहीच दुरुस्त न केलेले ठरणार. ही ओळ भिजू दे, मग काढू, असं त्याने ठरवलं. मग जेवायला बोलावणं आलं. मग दाजींनी गाडी चुकेल म्हणून घाई केली. गाडीत बसल्यावर तार आठवली, असं तो पुढे स्वतःला सांगत असे. ते खोटं होतं. तार त्याला विहिरीवर आठवत होती, भाकरी मोडताना आठवत होती, पाया पडताना आठवत होती. पुढच्या रविवारी येऊन काढू, असं स्वतःशीच म्हणाला. पुढच्या रविवारी कारखान्यात काम निघालं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारला आपापली सबब होती.

दिवाळी उलटली. कोर्टाच्या तारखेला नगरला आलेला आक्काचा शेजारी गहिनीनाथ कारखान्याच्या दारात येऊन सांगून गेला, "आसारामची मोटर जळाली. तुमाला बोलावलंय डबा बघाया." काय झालं, हे रंगनाथने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

विहिरीवरच्या खोलीत मोटरची जागा रिकामी होती. मोटर नगरला नवं वाइंडिंग भरायला टाकली होती आणि सगळ्या तालुक्याच्या मोटरी तिच्या पुढे नंबर लावून बसल्या होत्या. भिंतीवर डबा तसाच होता. त्याच्या प्रत्येक पितळी पिनेला हळद-कुंकवाचं बोट लागलं होतं, वर वाळलेलं झेंडूचं फूल अडकवलं होतं. तारेलाही कुंकू होतं.

"खंडेनवमीला भीमानं पुजला," दाजी म्हणाले. "स्टार्टर, मोटर, डबा, समदं. तारेला बी बोट लावलं. तू लावलेली तार, म्हनून कुनी हात न्हाई लावला तिला. आमाला वाटलं, तीच मेन आसंल."

रंगनाथला वाटलं, आपल्या मुस्काटात कुणीतरी पायताण हाणलं. जी गोष्ट तासाभरात काढून टाकायची, तिची या माणसांनी पूजा केली होती, आणि ती केवळ त्याच्यावरच्या विश्वासापोटी.

"झालं कसं?" त्याने कसंबसं विचारलं.

"कसं म्हंजी? मी वरच्या तुकड्यात हुतो. भीमा हितं मोटरीपाशी. फेज गेला, मोटर वरडाया लागली, पार माज्यापतूर आवाज आला. मी पळत येतोय तर ह्यो गडी मोटरीसमोर हुबा! बंद करायचं सोडून बघत बसलाय. तोवर धूर. त्याच दिशी हाकलला त्याला." दाजींनी जमिनीवर थुंकून विषय संपवला. स्टार्टरमधला ओव्हरलोड, म्हणजे करंट वाढला की मोटर तोडणारा खटका, त्यांनी स्वतः केव्हाच शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवला होता, पण तो सगळेच ठेवतात, त्यामुळे तो दोष कुणाच्याच खाती पडत नाही. "आता बायकूला घिऊन दुष्काळी कामावर खडी फोडतोय. बरं, डब्यात काय निघतंय का बघ."

रंगनाथने दाजींकडे पाठ केली. तार काढली, खिशात टाकली. मग मीटर लावला, वळला आणि म्हणाला, "डबा ठीक आहे."

अक्षर न अक्षर खरं होतं. इतकं घाणेरडं खरं तो जन्मात बोलला नव्हता.

"मंग झालं तर!" दाजी म्हणाले. "भीमाच."

आक्काने जेवायला वाढलं. बाहेर तिची जाऊ घागरीने झाडांना पाणी घालत होती, एका झाडाला तांब्या, दुसऱ्याला तांब्या, आणि कडेची झाडं सोडूनच दिली होती. रंगनाथ जेवला. वाढलं तेवढं सगळं जेवला, कारण न जेवण्याचं कारण सांगावं लागलं असतं. मग तो गाडी गाठायला निघाला.

सडकेच्या कडेला दुष्काळी काम चाललं होतं. ओळीने माणसं खडी फोडत बसली होती. रंगनाथने मान खाली घालून पुढे सटकायचं ठरवलं होतं, पण भीमानेच त्याला ओळखलं. हातोडी ठेवून तो उठला. खडीच्या धुळीने भुवयांपर्यंत पांढरा झाला होता.

"मामा!" आक्काची पोरं म्हणत म्हणून तोही त्याला मामाच म्हणायचा. "डबा तपासला का?"

"तपासला."

"माज्यामुळंच बिघडला न्हवं?" भीमाचा आवाज खाली आला. "मी रोज पुसायचो त्याला. कंदी कंदी फडकं वलं आसायचं. कडूबाई म्हनती, खंडेनवमीला कुंकू आत पडलं आसंल. झोप लागंना, मामा. मालकाची बाग गेली माज्यापायी."

तिथे मात्र रंगनाथला राहवेना. ज्याची चूक तो पोटभर जेवून गाडीला निघाला होता, आणि ज्याची नाही त्याची झोप उडाली होती. सडकेवर उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. तार कशाची, ती का लावली, का काढली नाही, मघाशी खिशात कशी घातली. खिशातून काढून दाखवलीही.

भीमाने ऐकून घेतलं आणि हसला. "लई मोठं मन हाय तुमचं, मामा. गरिबासाठी सोतावर घेताय."

"अरे, खरं सांगतोय मी!"

"इंजिनेर मानूस आसं इसरंल व्हय?" त्याची बायको कडूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, आणि आजूबाजूच्यांनीही माना डोलावल्या. मजुरांना वाटायच्या सुकडीचं घमेलं घेऊन चाललेला माणूससुद्धा थांबून रंगनाथकडे कौतुकाने बघायला लागला. गुन्हा कबूल करावा आणि लोकांनी हात जोडावेत, याहून मोठी शिक्षा नसेल. त्याला ते कौतुक अंगावर सांडलेल्या उकळत्या चहासारखं भाजत होतं.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "दाखवतोच."

मुकादमाला सांगून भीमा निघाला. वाटेने जाताना रंगनाथच्या डोक्यात आपोआप एक आखणी सुरू झाली. पिनेऐवजी दाबून धरायचं बटन ठेवलं असतं तर? हात निघाला की तपासणी संपली, मग तार राहून जायचा प्रश्नच नाही. आखणी सुरेख होती. शेजारून एक माणूस खडीची धूळ झाडत चालला आहे आणि आपल्याला बटनं सुचताहेत, याची त्याला शरम वाटली. पण ते बटन काही केल्या डोक्यातून जाईना.

गहिनीनाथच्या विहिरीवर तसाच डबा होता आणि मोटर धड होती. वीजही होती. रंगनाथने दाजींना, आक्काला आणि गहिनीनाथला बोलावून आणलं. गाडीला गेलेला पाहुणा परत का आला, हे कुणालाच कळेना. त्याने मोटर चालू केली आणि तीनपैकी एक फ्यूज ओढला. डब्यात टक् झालं, मोटर बंद.

"डबा असा चालतो," तो म्हणाला.

मग फ्यूज परत बसवला, खिशातली तार काढून दोन पिनांमध्ये अडकवली, मोटर चालू केली आणि पुन्हा तोच फ्यूज ओढला. या खेपेला टक् झालं नाही. मोटर ओरडायला लागली, खोलीच्या पत्र्याला कापरं भरलं.

"भीमा, त्या दिवशी हाच आवाज होता का?"

"ह्योच," भीमा म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"आरं, माजी मोटर जाळतो का काय!" गहिनीनाथ ओरडला. रंगनाथने हाताने मोटर बंद केली आणि सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला.

"ही तार मी लावली होती, पोळ्यानंतर आलो तेव्हा. डबा दुरुस्त केलाच नव्हता, कारण तो बिघडलाच नव्हता. तुम्ही सगळे वाहवा करत होतात, म्हणून तार काढली नाही. मोटर माझ्यामुळे जळाली. आणि आज दुपारी दाजींच्या पाठीमागे तार काढून मी खिशात घातली. भीमाचा यात काही दोष नाही."

तो थांबला. दाजी संतापी माणूस. शिव्या येतील, हात उगारला जाईल, अशी त्याची खात्री होती. खरं सांगायचं तर त्याची तो वाट बघत होता. शिवी बसली असती तर कुठेतरी हिशेब मिटल्यासारखं वाटलं असतं.

दाजींनी एकदा तारेकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग ओशाळं हसले. "हात्तिच्या! आरं, मानूस हाय, चुकतं. तू काय मुद्दाम केलं का? चल, च्या घिऊ." आणि निघता निघता मागे वळून म्हणाले, "भीमा, तू बी ये उद्यापास्नं."

एवढंच. भीमाच्या न केलेल्या चुकीला सडक दाखवली होती, मेव्हण्याच्या केलेल्या चुकीला चहा. गहिनीनाथही हसून मोटरीवरून हात फिरवायला लागला. रंगनाथचे कान तापले. या चहाचा घोट आपल्याला जन्मभर कडू लागणार, हे त्याला कळलं.

आक्का तेवढी हसली नाही. ती त्याच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "समदं ठावं हुतं, तरी माज्या पुढ्यात बसून जेवलास." मग घागर उचलून बागेकडे चालू लागली. त्याने हाक मारली, पण ती थांबली नाही.

भीमा निघाला होता. संध्याकाळच्या हजेरीला गाठायचं होतं, नाहीतर आजचा दिवस बुडाला असता. रंगनाथ त्याच्या मागोमाग बांधापर्यंत गेला. माफी मागावी तर भीमा पुन्हा हात जोडेल, याची त्याला धास्ती वाटत होती.

भीमाने हात जोडले नाहीत. बांधावर तो आपणहून थांबला.

"मामा, एक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचार."

"त्या दिशी मी हातानं मोटर बंद केली आसती, तर काय बिघडलं आसतं?"

"काहीच नाही," रंगनाथ म्हणाला. "मोटर वाचली असती."

भीमाने पायाखालचं ढेकूळ टाचेने फोडलं.

"मी हात ठिवला हुता बटनावर," तो म्हणाला. "आवाज फिरल्या फिरल्या ठिवला हुता. दाबनारच हुतो. मंग तुमचं आटवलं. डबा बसवला तवा तुमीच म्हनला हुता, भीमा, आता मधी हात घालू नको, डबा आपला आपन बंद करतो. म्हनून हात काडून घेतला, आन आता करंल, मंग करंल, आशी वाट बघत हुबा राह्यलो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला फक्त खात्री करून घ्यायची होती, ती झाली. "येतो," म्हणून तो सडकेच्या दिशेने भराभर चालू लागला, आणि रंगनाथ बांधावर उभा राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.